डिंकमावशीचं पान

डिंकमावशी हे काही तिचं जन्माचं नाव नव्हे. एका वर्तमानपत्राच्या कचेरीत पानं चिकटवायचं काम तिने उभी हयात केलं आणि तिथल्या टवाळ मंडळींनी हे नाव तिला बहाल केलं. तेव्हा पानं संगणकावर लागत नसत. बातम्या लांबलचक पट्ट्यांवर छापून येत. त्या कापायच्या, पाठीला रबर सोल्यूशन लावायचं आणि मोठ्या कागदावर रकाना रकाना जुळवत बसवायच्या. पंक्चर काढणाऱ्याकडे असतं तसलंच ते सोल्यूशन. डिंकाचा त्यात थेंबही नव्हता. पण टवाळांच्या तोंडाला कोण लागणार? निवृत्तीनंतर कचेरीतलं बाकी सगळं मागे सुटलं, हे नाव तेवढं तिच्याबरोबर घरी आलं.

या कामातली खरी मेख अशी की चिकटवलेलं उचलता आलं पाहिजे. बातम्यांचा काय नेम? संध्याकाळी पहिल्या पानावर हसणारा मंत्री पान छपाईला जाईपर्यंत पडलेला असायचा. मग त्याला अलगद उचलायचं आणि त्याच चौकटीत नवा मंत्री हसता बसवायचा. म्हणून सोल्यूशन लावायचं ते पट्टीच्या पाठीला, एकाच बाजूला, तेही बेताचं. नखाने कोपरा धरला की सुटून आलं पाहिजे. यात डिंकमावशीचा हात धरणारं कोणी नव्हतं. ओळ केसाएवढी तिरकी गेली तरी तिला लांबून दिसायचं, आणि दिसलं की राहवायचं नाही.

लग्नाचं कोणी विचारलं तर ती ‘राहून गेलं’ म्हणायची, जागा नाही म्हणून एखादी बातमी राहून जाते तसं. आई होती तोवर घरात बोलायला माणूस होतं. आई गेली आणि तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्या तिच्या एकटीच्या झाल्या. कप दोनच, त्यातल्या एकात पेनं. खुर्च्या दोनच, त्यातल्या एकीवर घड्या न घातलेले कपडे. रेडिओ दिवसभर चालू. ऐकायला नव्हे, घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून.

वरच्या मजल्यावर भिंगरी राहायची. तिचंही खरं नाव वेगळं होतं, पण चौथीतली ती पोर चालताना कोणी पाहिलेली नव्हती, कायम पळत. शाळा सुटली की आई बँकेतून येईपर्यंत ती मावशीकडे बसायची, आणि बसायची म्हणजे खोलीभर फिरत बोलायची. मावशीच्या डोक्यावरचं छत तिच्या पावलांनी सकाळ-संध्याकाळ दणाणायचं. मावशी वर बघून “अगं, पडेल ना माझं छप्पर!” म्हणायची, एकटीच, आणि मनातून खूश व्हायची.

मग भिंगरीच्या आईची बदली झाली. वडील नवं घर लावायला आधीच पुढे गेले, वरचं घर खोक्यांनी भरलं आणि मैत्रिणींना निरोपाला कुठे बोलवायचं असा प्रश्न पडला. भिंगरीला चिकटवही करायची होती. प्रत्येक मैत्रिणीने एकेक पान सजवायचं आणि ती वही तिने बरोबर न्यायची.

“माझ्याकडे करा की,” मावशी म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

“तुम्हाला त्रास होईल हो मावशी,” भिंगरीची आई म्हणाली.

“त्रास कसला? चिकटवायचंच तर आहे. उभा जन्म दुसरं काय केलं मी?”

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्या मनात एक इच्छा आली आणि ती काही केल्या जाईना. त्या वहीत आपलंही एक पान असावं. हजारो पानं तिच्या हाताखालून गेली होती, पण कुठल्याच पानावर ती नव्हती. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. या वहीत मात्र आपण नसलो तर नव्या गावात ही पोर आपल्याला चार दिवसांत विसरणार, असं तिला वाटलं. आणि हे मागून घ्यायचं नाही, पोरीने आपणहून म्हटलं पाहिजे, असंही तिने ठरवून टाकलं. मानी बाई.

ठरलेल्या दिवशी तिने टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. रंगीत कागद, बटणं, रिबिनी, चॉकलेटच्या चांद्या, सुकवलेली पानं अशी मांडामांड केली. खुर्चीवरचे कपडे पलंगाखाली ढकलले. कपातली पेनं काढून कप घासला, तरी पेले पुरेनात, तेव्हा वाट्यांमधून सरबत द्यायचं ठरलं. सोल्यूशनचा डबा उघडून तिने वास घेतला आणि तिला एकदम कचेरीत गेल्यासारखं झालं. मग भानावर येऊन तिने सगळ्या खिडक्या उघडल्या.

पोरी आल्या आणि घर पार उलटंपालटं झालं. एक चष्मेवाली, जी प्रत्येक गोष्ट मोजून कापत होती. एक दोन वेण्यांची, जिला भिंगरी जाणार म्हणून अधूनमधून रडू येत होतं. आणि एक गुबगुबीत, जी मुख्यतः बिस्किटांसाठी आली होती आणि तसं उघड सांगत होती.

“पाठीला लावा. एकाच बाजूला. पातळ!” मावशीने ब्रश फिरवून दाखवला. “आणि बाहेर आलेलं बोटाने चोळायचं. बघा, कशा गोळ्या होतात.”

हे तर पोरींना फारच आवडलं. चिकटवणं राहिलं बाजूला, सगळ्या गोळ्या वळत बसल्या. गुबगुबीतने तेवढ्यात एका गोळीचा वास घेतला आणि एक जिभेला लावून पाहिली.

“अगं, ते खायचं नसतं!”

“मी फक्त बघत होते,” ती म्हणाली आणि बिस्किटाकडे वळली.

मावशीला हाकांवर हाका येत होत्या. मावशी, कात्री. मावशी, हे गोल कापून दे. मावशी, हिने माझी चांदी घेतली. दोन वेण्यांवालीने फोटो लावला तो चांगलाच तिरका. मावशीचा हात शिवशिवला. तिने कोपरा धरून फोटो उचलला आणि सरळ बसवला.

“मावशी, मला तिरकंच हवंय!”

“अगं, पण वाकडं दिसतं ते.”

“असू दे. आम्ही तेव्हा नाचत होतो.”

मावशीने फोटो परत उचलला आणि तिरका लावला. कसा अलगद निघाला, म्हणून मनात स्वतःची पाठही थोपटली.

पानामागून पान होत गेलं. प्रत्येक वेळी मावशीला वाटे, आता भिंगरी म्हणेल, मावशी, आता तू. भिंगरी रिबिनी शोधत होती, हसत होती, पळत होती. ती तसं काही म्हणाली नाही. शेवटी भिंगरीची आई वरून आली, सगळ्यांनी वही मध्ये धरून फोटोसाठी गर्दी केली आणि आईने मोबाइल मावशीच्या हातात दिला.

“मावशी, तुम्ही काढता का? म्हणजे मलाही यात येता येईल.”

मावशीने फोटो काढला. एकदम सरळ आला.

पोरी गेल्यावर तिने वाट्या विसळल्या, जमिनीवरच्या रबराच्या गोळ्या गोळा केल्या आणि पेनं परत कपात ठेवली. नऊ वर्षांच्या पोरीवर काय रुसायचं, असं तिने स्वतःला सुनावलं. रुसली ती रुसलीच.

दोन-तीन दिवसांनी दारावर टकटक झाली. भिंगरीची आई होती, आणि चेहऱ्यावर सांगावं की नको असं दिसत होतं.

“मावशी, ते सोल्यूशन जुनं होतं का हो?”

झालं होतं ते असं. शाळेच्या शेवटच्या दिवशी वर्गाला दाखवायला म्हणून भिंगरीने वही उघडून उंच धरली, आणि फोटो, बटणं, चांद्या, सगळं पटापट खाली पडलं. वर्ग हसला. दोन वेण्यांची तर आपला फोटो शोधत बाकाखाली जाऊन रडली.

मावशीच्या तोंडात कोणीतरी मारल्यासारखं झालं. डबा नवा होता. चूक तिचीच होती. कायमचं चिकटवायचं तर सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावावं लागतं, फोटोला आणि कागदाला. वाळू द्यायचं आणि मग टेकवायचं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. कायमचं चिकटवायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती.

“राहू दे, मी टेपने लावते,” आई म्हणाली.

“टेप नको! पिवळी पडते टेप. पाठव तिला खाली. सगळं घेऊन यायला सांग.”

दुसऱ्या दिवशी सामानाचा ट्रक येणार होता. भिंगरी दुपारी वही आणि पिशवीभर पडलेला ऐवज घेऊन आली आणि पहिल्यांदाच गप्प बसली.

“रागावलीस?” मावशीने विचारलं.

“थोडी.”

“रागाव. माझंच चुकलं.”

मग दोघी कामाला लागल्या. भिंगरी कागदाला ब्रश लावी, मावशी फोटोच्या पाठीला. वाळून चमक गेली की मावशी फोटो दोन बोटांत धरून नेमका टेकवी.

“आता हलवता नाही येत?”

“नाही. टेकला की टेकला. म्हणून आधीच नीट सांग, किती तिरका हवा.”

भिंगरी मान वाकडी करून सांगायची आणि मावशी तेवढाच तिरका बसवायची. अर्धं झाल्यावर पोरीची बडबड परत सुरू झाली तेव्हा मावशीचा जीव भांड्यात पडला. आणि तेव्हाच तिच्या मनात पाप आलं. भिंगरी रिबीन सोडवत असताना तिने एका फोटोच्या फक्त पाठीला सोल्यूशन लावलं आणि सोल्यूशन न लावलेल्या कागदावर दाबून टाकला. तिकडे गेल्यावर पडेल. पडला की फोन येईल. मावशी, हा फोटो पडला, आता काय करू?

तिने त्या फोटोकडे नीट पाहिलं. भिंगरी आणि चष्मेवाली, दोघींचे पुढचे दात पडलेले. मावशीला स्वतःची लाज वाटली. तिने नखाने कोपरा धरून फोटो उचलला.

“काय झालं?” भिंगरीने विचारलं.

“चुकलं होतं. कागदाला लावायचं राहिलं. लाव बरं तू.”

शेवटची चांदी बसली आणि मावशी वही मिटणार, तोच भिंगरीने तिचा हात धरला. “थांब, तुझं राहिलं ना!”

शेवटचं पान कोरं होतं.

“माझं?”

“मी पहिल्यापासून ठेवलंय. तू त्या दिवशी काहीच लावलं नाहीस. मला वाटलं, तुला करायचंच नाहीये.”

“मला कुठे कोणी म्हणालं, कर म्हणून?”

“ते काय म्हणायचं असतं?” भिंगरी म्हणाली.

मावशीने कपाट उघडलं, खण उपसला. तिचा फोटो म्हणाल तर एकच सापडला, पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला. त्यातला चेहरा बघून ही बाई हयात आहे यावर पेन्शनच्या साहेबांचाही विश्वास बसला नसता. भिंगरीने तो बघून नाक मुरडलं.

“हा नको. ही तू नाहीयेस.”

“दुसरा नाही गं माझ्याकडे.”

वरून आईच्या हाका सुरू झाल्या. भिंगरीने क्षणभर विचार केला, ब्रश उचलला आणि त्या कोऱ्या पानाच्या मधोमध, जीभ बाहेर काढून, एक नीटस चौकोन सोल्यूशनने भरला.

“माझ्या बाजूला मी लावून ठेवलंय,” ती म्हणाली. “तू तुझ्या बाजूला लाव आणि पाठव. मग मी टेकवते.”

फोटो काढून पोचेपर्यंत इतके दिवस वाळत पडलेलं सोल्यूशन कामाचं राहत नाही, हे मावशीला चांगलं ठाऊक होतं. तिने त्या चौकोनावर बटर पेपर घातला, वही मिटली आणि पोरीच्या हातात दिली. पोर पळतच जिना चढून गेली.

ट्रक सकाळी गेला. भिंगरी पुढे आईच्या मांडीवर बसून वळणापर्यंत हात हलवत होती. मावशी घरात आली. छत गप्प होतं. तिने रेडिओ लावला, पण त्याने काही भागेना. मग ती बसली आणि मनसोक्त रडली, कारण आता तिला कोणी बघणार नव्हतं.

डोळे धुऊन, चांगली साडी नेसून ती फोटो स्टुडिओत गेली.

“पासपोर्टचा ना?” स्टुडिओवाल्याने विचारलं.

“नाही. चिकटवहीचा.”

तो जरा गोंधळला, पण दिवा लावून कॅमेऱ्यामागे गेला. “मान सरळ ठेवा, मावशी. थोडी तिरकी होतेय.”

“होऊ दे. तिला तिरकंच आवडतं.”

फोटो हातात आला त्या दुपारी तिने टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि डबा उघडला. स्वतःच्या फोटोच्या पाठीला सोल्यूशन लावायची तिची ही पहिलीच वेळ. तिकडची बाजू एव्हाना वाळून गेली असणार, फोटो टिकेल याचा काही भरवसा नाही, हे सगळं कळत असून तिने ते कडेपासून कडेपर्यंत लावलं, कुठेही बेताचं न ठेवता. मग वरच्या मजल्यावर काही वाजतं का ते ऐकत, चमक जाईपर्यंत ती फोटो दोन बोटांत धरून बसून राहिली.