बाहीएवढं भोक पडलेला मोटारीचा नकाशा

पन्नास वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की सासऱ्यांचा मोटारीचा नकाशा माझ्या नणंदेनं, शकू वन्संनी कापला. सासरे एका साहेबाची मोटार चालवायचे, त्या काळातला हा नकाशा. मागून कापड चिकटवलेलं, त्यामुळे लवकर फाटत नाही. ब्लाउजच्या मापाचा नमुना कापून ठेवायला एक नंबर. चांदवड ते नांदगाव रस्ता बाहीच्या आकारात गायब!

सोमवारी माझ्या नातीला, सायलीला, तो कॉलेजच्या प्रदर्शनात लावायचा होता. "आजी, तुकडा आत्याआजीकडे असेल?"

"असणारच. तिनंच कापलाय."

शनिवारी सकाळी सातला आम्ही दोघी नाशिकहून नांदगावला निघालो. सायली गाडी चालवणार, मोबाइल बंद, नुसत्या नकाशावर जायचं. ही अक्कल माझी. मी चौथी शिकलेली, नकाशा इंग्रजी. ओझरपर्यंत बोट ठेवून रुबाबात रस्ता दाखवला.

"आजी, उलटा धरलायस. तुझ्या बोटानं गेलो तर मुंबईला पोचू."

सायलीनं नकाशावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. इथे विहीर आहे, इंजिनात पाणी भरा. इथे नदीत मोटार घालण्याआधी पाणी विचारा. मग काय, पिंपळगावच्या टोलनाक्यावर मी काच खाली करून विचारलंच, "दादा, पुढं नदीला पाणी किती?"

"आजी, पूल हाय. बिनधास्त जा."

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून मला निरोप दिला.

चांदवडला मिसळ खाल्ली. नव्वद रुपये प्लेट, रस्सा मागाल तितका. तिथून पुढं नकाशाला भोक, म्हणून मुकाट्यानं मोबाइल लावला. मनमाडपर्यंत टँकरमागे रांगत जावं लागतं. जाणार असाल तर तीन तास धरून निघा.

नांदगावला वन्सं दारातच उभ्या. "या वहिनी, सापडली का वाट?"

मी तुकडा मागितला. त्यांनी शिलाईच्या डब्यातून काढून हातात दिला. टोकाला लाल दोऱ्याची गाठ. बाहीची पुढची बाजू कळावी म्हणून अशी गाठ मारायची खोड घरात फक्त मला. वन्संना तेव्हा सुईत दोरा ओवता येत नव्हता.

"माझ्या लग्नाचे ब्लाउज तुम्हीच शिवले," वन्सं म्हणाल्या. "त्या गठुड्यात हा आला. बाबा लय चिडले होते. तुम्ही नव्या नवरी, तुमचं नाव कसं घेणार? मीच कापला म्हणून सांगितलं."

"आणि नंतर?"

"नंतर म्हटलं, बघू, कधी कबूल होतात."

मला आठवत नव्हतं, असं मी सायलीला परतीच्या वाटेवर सांगितलं. तुमच्याशी कशाला खोटं बोलू? कापडामुळे कात्री दोनदा चालवावी लागली होती. हे बोटांना चांगलं आठवत होतं.

घरी आल्यावर सायलीनं तुकडा चिकटवला. रस्ता जुळला, तरी शिवण दिसतेच. खाली लावायच्या चिठ्ठीवर तिनं लिहिलं, 'ब्लाउजसाठी कापलेला'.

"कुणी कापला, ते लिहू?" तिनं विचारलं.

"माझं नाव लिही. आणि मोठ्या अक्षरात लिही. सोमवारी वन्सं बघायला येणार आहेत, त्यांना आता बारीक दिसत नाही."