फाट्यापर्यंत

आमच्या सिरसाळ्यात पाहुणा निघाला की अर्धं घर त्याला सोडायला फाट्यापर्यंत चालत जायचं. घरात संपलेल्या गप्पा रस्त्यावर नव्यानं सुरू व्हायच्या. एसटी आली तरी आई खिडकीशी उभी राहून बोलतच असायची आणि कंडक्टर वैतागायचा. पाहुणा नजरेआड होईपर्यंत दार लावायचं नाही, हा तिचा कायदा. कुणी लावलंच तर खडसवायची, "कावून रे, हाकललं काय त्याला?"

जर्मनीत आलो तेव्हा सोबत काम करणाऱ्या एका गृहस्थांनी घरी कॉफीला बोलावलं. केक छान होता, माणूस त्याहून छान. निरोप घेऊन मी पहिली पायरी उतरतोय तोच मागं खट्ट करून दार लागलं. लई राग आला. आपलं काय चुकलं, हेच घरी येईपर्यंत आठवत राहिलो.

पुढं ते माझ्याकडं आले. निघाले तसा मी हट्टानं त्यांच्यासोबत ट्रामच्या थांब्याकडं चालू लागलो. अर्ध्या रस्त्यात ते थांबले, खिसे चाचपले आणि म्हणाले, "माझं काही राहिलंय का तुमच्याकडं?"

मी म्हटलं, "नाही, तुम्हाला सोडायला आलोय."

"पण मला रस्ता माहीत आहे," ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

आता मीही पाहुणा बाहेर पडला की दार लावून घेतो. आईला हे सांगितलेलं नाही. फक्त लिफ्ट खाली पोचल्याचा आवाज येईपर्यंत त्या बंद दारामागून माझा पाय हलत नाही.