शेवटचा स्फटिक

खार्किवच्या प्रयोगशाळेत अतिथंड द्रव हेलियम सांभाळायचं काम मोत्र्या साव्हेलिव्हनांकडे होतं. मला प्रबंधासाठी थराथरांच्या स्फटिकातून ध्वनी पाठवून त्यातले इलेक्ट्रॉन कसे फिरतात ते पाहायचं होतं. हेलियम आठवड्यातून एकदाच मिळे आणि भराभर उडून जाई, म्हणून मी दोन स्फटिक घाईघाईने हेलियमच्या भांड्यात सोडले. एकदम थंडी बसून दोन्हींचे थर सुटले. आता एकच स्फटिक उरला होता. तो गेला असता तर प्रबंधही गेला असता.

"आण इकडे," मोत्र्या म्हणाल्या. "हेलियमची काळजी करतेस, आणि ह्या बिचाऱ्याला हुडहुडी भरते त्याचं काय?"

"पण तोवर हेलियम संपेल ना, काकू!"

"उडेल थोडं. तू तिथे बस, सूर्यफुलाच्या बिया सोल, आणि माझं डोकं खाऊ नकोस."

स्फटिक हेलियमवरच्या थंड वाफेतून बोटभर खाली सोडायचा, थांबायचं, पुन्हा बोटभर सोडायचा, असे त्यांनी अडीच तास काढले. मग पडद्यावर ध्वनीचा ठोका स्वच्छ उमटला. उरलेल्या हेलियमवर चाळीस मिनिटं मोजता आलं, आणि तेवढ्यावर माझा प्रबंध झाला.

त्यात आभाराच्या पानावर प्राध्यापकांच्याही आधी मी त्यांचं नाव घातलं.

"माझं कशाला, पोरी? मी नुसती थांबले," त्या म्हणाल्या.

मला तेवढंच तर येत नव्हतं.