रोजचे नट

मंगरूळपीरला आमच्या गच्चीवर हिरव्या नेटची खोली आहे. मागे आम्ही तिच्या बांबूलाच टांगत्या कुंड्या बांधल्या. माती कोरडी होती तोवर बांबूने भार सोसला. पाणी घातल्यावर तो मधोमध फाटला आणि कुंड्या थेट माझ्या नवऱ्याच्या खुर्चीवर आल्या. हे नुकतेच चहाला खाली गेले होते, म्हणून वाचले.

त्याआधीच ह्यांना लकवा मारून गेला होता. आयुष्यभर विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, उजव्या हातात कप धरताना थरथरायचा. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या.

बांबूच्या जागी लावायला लोखंडी अँगल आणले. शेजारचे वेल्डिंगवाले चाचा म्हणाले, "वेल्डिंग मारून देतो भाभी, हालनार बी नाही."

हे भडकले. "वेल्डिंग कायले? नटबोल्ट लावतो. मी मेलो काय?"

चाचांनी पाना ह्यांच्या हाती दिला.

ह्यांनी सांगाडा उभा केला, कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्यासुद्धा दिल्या. पाना निसटला की अस्सल शिव्या देत. मला बरं वाटे. शिव्या देणारा माणूस तरी जुनाच होता.

कुंड्या टांगल्या. खुर्ची पुन्हा त्यांच्याखालीच. "जागा बदला ना," मी म्हटलं.

"काहून? माह्या हातावर भरोसा नाही तुले?"

रोज सकाळी एकेक नट डाव्या हाताने सोडायचा नि उजव्याने आवळायचा, हा ह्यांचा व्यायाम. ते आंघोळीला गेले की मी वर जाऊन सगळे पुन्हा आवळत असे. आधी नट जेमतेम हलत. मग अर्धा फेरा फिरू लागले. परवा तर एक माझ्या नुसत्या बोटांनी फिरला. हात सुधारत नव्हता, जात होता. डॉक्टरांकडे चला म्हणावं, तर मला कसं कळलं तेही सांगावं लागणार. फार भीती वाटली मला.

आज सकाळी पाणी घातलेल्या कुंड्या ठिबकत होत्या. हे खुर्चीत बसले आणि डाव्या हाताने पाना माझ्यापुढे धरला.

"घे. आवळ आता माह्यासमोरच."

मी पाना घेतला.

"रोज सोडतो ना मी. कोनं किती आवळला ते डाव्या हाताले समजते. मी काय माह्या हाताच्या भरोशावर इथं बसून राह्यलो?"