मास्तरांच्या बाहीवरच्या तीन फिती

चूक माझीच. लष्करी संग्रहालयात पाट्या लिहायची नोकरी लागून तीन दिवस झाले होते आणि उत्साह नुसता उतू जात होता. शेवटच्या पुतळ्याच्या बाहीवर काहीच नव्हतं. वाटलं, फिती गळून पडल्या असणार. खणात तीन सापडल्या, त्या शिवल्या आणि खाली पाटी ठोकली, 'हवालदार'.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाचे शिंपी, आमचे मास्तर, पुतळ्यासमोर थबकले.

"कुणी केलं हे?"

"मी. छान दिसतंय ना?"

"हे टाके आहेत की मुंग्यांची रांग?"

मग कळलं, गणवेश त्यांचाच होता. अठरा वर्षं फौजेत त्यांनी दुसऱ्यांच्या बाह्यांवर फिती शिवल्या. स्वतःच्या बाहीला सुई लावायची वेळच आली नाही. शिपाई म्हणून गेले, शिपाई म्हणूनच परतले. आमच्या दालनात वेलाची काठी घेतलेला प्राचीन रोमचा शंभर सैनिकांचा नायक आहे, पिसांच्या टोपीचा कॅप्टन आहे. मास्तर एकेकाची धूळ झटकत त्यांच्याशी हुद्द्याप्रमाणे अदबीने बोलत. बायको गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतं.

मी ओशाळून कात्री उचलली, तर त्यांनी हात धरला.

"राहू दे. रविवारी लेक येतेय."

"मग?"

"लहानपणी तिला थाप मारली होती, बाबा हवालदार आहे म्हणून. ती अजून तेच धरून बसलीय."

त्या रविवारी लेकीला जमलं नाही. पुढच्या रविवारी आली, जावयासकट. मास्तर कडक इस्त्रीचा सदरा घालून पुतळ्याला खेटून उभे.

"अगं बाई! अहो, बघा ना, बाबांच्या फिती!" तिने फोन काढला. "बाबा, जरा बाजूला व्हा ना. तुमच्यामुळे झाकल्या जातायत."

मास्तर बाजूला झाले. इतके, की कॅप्टनच्या मागेच गेले. फोटो निघाले, जावयाने घड्याळ पाहिलं आणि दहा मिनिटांत दोघं बस पकडायला पळालीसुद्धा.

मास्तरांनी स्टूल ओढलं आणि पात्याने एकेक टाका उसवायला घेतला.

"द्या, मी करतो."

"तुझ्या हाती दिलं तर बाहीच खाली येईल." शेवटची फीत सुटली. "पाटी बदल. शिपाई लिही. ठळक."

"आणि ताईंना काय सांगायचं?"

"तिच्याकडे फोटो आहे की."

दाराशी पोचल्यावर ते वळले. "दोन आठवडे बढती दिलीस, लेका. माझ्याकडून एक चहा लागला."

महिना होऊन गेला. रोज दिसतात, मान हलवतात, धूळ झटकतात. चहा बाकीच आहे. मीही आठवण करून देत नाही. समोरासमोर बसलो तर लेकीचं विचारावं लागेल.