पाठमोरा जोडीदार

माझ्या चुलतभावाने पहारीने माझा उजवा खांदा फोडला, त्याला बरीच वर्षं झाली. भांडण तुडीलच्या शेतातल्या बांधाचं. हात वाचला, पण खांद्याच्या वर काही जात नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मी त्याच्या मरणाची वाट बघत होतो, उगाच सोज्वळपणा कशाला!

तो कतारहून परत आला आणि पोलादपूरला हायवेलगत त्याने पॅडलचं, म्हणजे जोडीने खेळायच्या काचेतल्या टेनिसचं कोर्ट बांधलं. भोवती काचा आणि तारेची जाळी. लोक त्याला माशांची टाकी म्हणायचे. मला रोज जाता-येता तिच्यावर दगड घालावासा वाटे. मग एकदा थांबून पाहिलं, तर या खेळात सर्व्हिस खालूनच मारायची. बॉलचा एक टप्पा पाडायचा आणि कमरेखालून समोरच्या तिरक्या चौकोनात धाडायचा. एवढं माझ्या मोडक्या हातालाही जमणार होतं.

शिकलो, तेही त्याच्याकडूनच. तो माझ्याशी बोलत नसे, शेजारच्याला सांगे. “जोर घरी ठेवायला सांगा त्याला. जोरात मारली तर बॉल मागच्या काचेवर आपटून परत येतो, समोरच्याला ताटात वाढल्यासारखा. हळू टाकायची, बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात. म्हणजे आपल्याला मधल्या जाळ्याशी धावायला वेळ मिळतो.” अगदी बरोबर होतं. म्हणूनच तळपायाची आग मस्तकात जायची.

शिमग्याला वाड्यांच्या मॅचेस ठरल्या. आमच्याकडे क्रिकेटला टीम भावकीची असते. बोलणं असो नसो, भावकी एका बाजूने खेळते. गाववाल्यांनी पॅडललाही तोच कायदा लावला. भावकीत रॅकेट धरणारे आम्ही दोघेच. जोडी लागली.

सर्व्हिस करणारा मागे उभा राहतो आणि जोडीदार पुढे, जाळ्याशी, त्याच्याकडे पाठ करून. हे मी कित्येकदा पाहिलं होतं. पण माझी सर्व्हिस आली, तो जाळ्याकडे चालत गेला आणि माझ्यासमोर त्याची मान आली. जाड, उन्हाने करपलेली. माझं डोकं फिरलं. खांद्यात ती पहार पुन्हा बसली.

टप्पा पाडला आणि जीव खाऊन बॉल मारला. कोपऱ्यात नाही, त्याच्या मानेवर. तो पुढे कोसळला, तोंड जाळ्याच्या खांबावर आपटलं. ओठ फाटून रक्त छातीवर आलं. बाहेरची माणसं ओरडली. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

तो उठला. बाहीने रक्त पुसलं, बॉल शोधला आणि माझ्या हातात आणून दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला.

“अजून एक सर्व्हिस हाय तुझी. मार रे, हवी तिकडं मार. मी हलणार नाय.”

आणि जाळ्याशी जाऊन पुन्हा पाठ करून उभा राहिला. मान आत ओढली नाही, खांदे आखडले नाहीत.

मला रडू आलं, रागानेच. हे त्याने मला का करायला लावावं? मी हळू मारली. बॉल काचेला लागून कोपऱ्यातच बसला. पॉइंट आमचा. टाळ्या पडल्या, पण त्याने मागे पाहिलं नाही. त्याच्या मानेवर लाल वळ चढत होता, आणि पुढच्या प्रत्येक सर्व्हिसला मला तोच दिसत राहिला.