कारखान्याची जीभ

सॉसच्या त्या कारखान्यात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. जुने कामगार ‘जीभ’ म्हणत, नवे ‘काका’ म्हणत, आणि मॅनेजर खुशीत असले की ‘जीभसाहेब’ म्हणत. टोमॅटो सॉसचा प्रत्येक घाणा बाटलीत भरण्याआधी काकांच्या टेबलावर येई. काका चमचाभर तोंडात घेत, डोळे मिटत आणि ‘जाऊ दे’ किंवा ‘थांबव’ एवढंच म्हणत. ‘थांबव’ म्हटल्यावर पुढे बोलायची मालकाचीही टाप नसे.

दीड वर्षापूर्वी काकांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, “नस दुखावली आहे. चव परत येईल, किंवा येणारही नाही.” साहेबांना सांगून टाकायचं असं ठरवून काका रोज कामावर जात, आणि घाणा समोर आला की सवयीने डोळे मिटत. मग ते डोळ्यांनीच चाखू लागले. सॉस चमच्यावरून कसा ओघळतो, रंग किती काळवंडला, प्रयोगशाळेतल्या बाईंनी आंबटपणाचा आकडा काय काढला, एवढ्यावर निकाल द्यायचा. तक्रार एकही आली नाही. सुरुवातीला छातीत धडधडायचं, पुढे तेही थांबलं. जिभेमागोमाग आतलं बाकी सगळं बधिर होत गेलं. निवृत्ती जवळ आली होती आणि तिचंही काही वाटत नव्हतं.

अशात कॉलेजचा एक गट कारखान्यात आला. अन्न-उद्योगाचा अभ्यास करणारी ही मुलं. शेवटच्या वर्षाला त्यांनी खऱ्या कंपनीचा खरा प्रश्न सोडवून सल्ला द्यायचा, अशी रीत होती. मॅनेजरनी त्यांना प्रश्न दिला, काका गेल्यावर चाखणार कोण? कामगारांतूनच कोणाला तयार करता येईल, आणि त्याला पुढे कसं चढवत न्यायचं? काम पसंत पडलं तर गटातल्या एकाला नोकरी, असंही ते बोलून गेले होते. गटाचा प्रमुख रोज टाय बांधून येई, म्हणून कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘टायवाला’ पाडलं.

मुलांनी महिनाभर सगळीकडे फिरून एक माणूस निवडला. तो म्हणजे वाफेच्या मोठ्या कढईवर सॉस शिजवणारा कढईवाला. बारा गावचं पाणी प्यायलेला, तोंडाचा फटकळ, पण हात स्वच्छ.

“काका, तुमच्या खुर्चीवर मला बसवतायत म्हणे,” तो म्हणाला. “आमची ही म्हणते, आता घरी जेवणाला नावं ठेवलीत तर त्याचे पैसे मिळतील.”

काका हसले. हसण्याच्या जागा त्यांना पाठ होत्या.

मुलांनी मग एक चाचणी ठेवली. प्रत्येकापुढे तीन कप. दोन कपांत कालच्या घाण्याचा सॉस आणि एकात आजच्या, वेगळा कप ओळखायचा. रंगावरून कोणी ताडू नये म्हणून खोलीत लाल दिवा लावला होता. प्रयोगशाळेतल्या बाई, कढईवाला आणि काका असे तिघे बसले. मॅनेजर दारात उभे राहिले.

लाल उजेडात तिन्ही कप सारखेच दिसत होते. काकांनी एकेक चमचा घेतला. मधे चूळ भरायला पाणी होतं. पाण्याला चव नसतेच, त्यामुळे तेवढ्या घोटापुरते ते चारचौघांसारखे होते.

“मला तर तिन्ही सारखे लागतायत,” बाई म्हणाल्या.

“मलाही. कप बदलले का हो कोणी?” कढईवाला म्हणाला.

सगळे काकांकडे बघू लागले. काकांनी डोळे मिटले. “मधला,” ते म्हणाले. “व्हिनेगर कमी पडलंय. चपटा लागतो.”

टायवाल्याने कागद पाहिला. “बरोबर! मधलाच कप आजच्या घाण्याचा.”

“याला म्हणतात जीभ!” मॅनेजरनी टाळी वाजवली. मग ते कढईवाल्याकडे वळले. “आणि आजचा घाणा कोणाचा? तुझा. व्हिनेगर कमी टाकतोस, वर तुला फरकही कळत नाही? तो घाणा थांबवा. आणि पोरांनो, याचं नाव काढा त्या अहवालातून.”

“साहेब, मी मापून टाकलंय,” कढईवाला म्हणाला. “बाईंनी तपासलंय.”

“जीभ म्हणते कमी आहे, तर कमी आहे.”

कढईवाला काकांकडे बघत राहिला. तो गप्प बसलेला काकांनी प्रथमच पाहिला.

दुपारी टायवाला आणि गटातली चष्मेवाली मुलगी काकांना जिन्याखाली गाठून उभी राहिली. मुलीच्या हातात सॉसच्या नमुन्याची बाटली होती, बुचाचं सीलही न तुटलेली.

“काका, ही आजच्या घाण्याची,” ती म्हणाली. “मी उघडलीच नाही. लाल दिव्यात दोन्ही बाटल्या सारख्या दिसल्या. तिन्ही कप कालच्याच बाटलीतून भरले गेले.”

काका बाटलीकडे बघत राहिले.

“साहेबांना सांगायला हवं,” मुलगी म्हणाली.

“आणि नोकरी?” टायवाला म्हणाला. मग आवाज उतरवून काकांना म्हणाला, “काका, राग मानू नका. चूक आमची आहेच. पण तिन्ही कप एकच असताना तुम्ही मधल्यात फरक सांगितलात. हे सगळं बाहेर आलं तर… झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्या दोघांचीही.”

“आणि कढईवाला?” मुलीने विचारलं.

“तो कढईवर आहेच की. त्याचं काय जातंय?”

काका वर निघून गेले. आपल्याला शरम वाटायला हवी, हे त्यांना कळत होतं. दुखऱ्या दातावर जीभ फिरवावी तसं त्यांनी आत चाचपून पाहिलं. काही लागलं नाही.

रात्री जेवताना बायको म्हणाली, “कसं झालंय?”

“छान झालंय.”

“मीठ घातलंच नाही मी,” ती म्हणाली. “मुद्दाम. परवाही घातलं नव्हतं, तर तुम्ही दोनदा मागून घेतलंत.”

काकांनी घास खाली ठेवला. “कधीपासून कळलंय तुला?”

“घरात राहते ना मी! म्हटलं, सांगाल कधीतरी.” तिने मिठाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली, मग स्वतःशीच हसून परत ओढून घेतली. “तुम्हाला काय करायचंय? मलाच लागेल.”

काकांनी तिला चाचणीचं सगळं सांगितलं. ती ऐकत जेवत राहिली. शेवटी म्हणाली, “म्हणजे त्या माणसाच्या पानातलं तुम्ही काढून घेतलंत, आणि तुम्हाला तर त्याची चवसुद्धा नाही.”

दुसऱ्या दिवशी मुलांनी मॅनेजरपुढे आपला अहवाल मांडला. पुढच्या माणसाची जागा अहवालात रिकामीच होती. ‘बाहेरून नेमावा’ एवढंच खाली लिहिलं होतं. कढईवाला मागे भिंतीला टेकून उभा होता. चष्मेवाली मान खाली घालून बसली होती.

“जीभसाहेब, तुमचं मत?” मॅनेजरनी विचारलं.

काका उभे राहिले. “मला चव कळत नाही,” ते म्हणाले. “काल तिन्ही कप एकाच बाटलीतले होते. मी ठोकून दिलं. त्याचा घाणा बरोबर आहे.”

मॅनेजर मोठ्याने हसले. “निवृत्तीआधी थट्टा सुचतेय! अहो, त्याची दया आली असेल तर तसं सांगा.”

“थट्टा नाही साहेब.”

“तुमची जीभ, आणि चव कळत नाही?”

नमुन्यांच्या टेबलावर मिठाची बरणी होती. काकांनी तिचं झाकण काढलं, चमचा भरला आणि तोंडात घातला. साखर खावी तसा सावकाश चघळला. मग दुसरा भरला. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. मॅनेजरचं हसू मावळलं. टायवाल्याचा हात आपोआप टायच्या गाठीकडे गेला.

“बास, काका!” कढईवाल्याने पुढे येऊन चमचा हिसकावला. “मराल ना अशाने!”

चष्मेवालीने उठून ती सीलबंद बाटली टेबलावर ठेवली.

“किती दिवस?” मॅनेजरनी विचारलं.

“दीड वर्ष.”

“दीड वर्ष माल बाहेर गेला, आणि एक तक्रार नाही?”

“असेल कशी?” कढईवाला म्हणाला. “यांच्या टेबलावर पाठवायचं म्हणजे ‘थांबव’ ऐकायची भीती. दहादा चाखूनच पाठवत होतो मी.”

मॅनेजर मुलांकडे वळले. “त्याचं नाव घाला परत. नोकरीचं मागाहून बघू.” मग काकांकडे न बघताच म्हणाले, “तुम्ही उद्यापासून गोदामात बसा. खोकी मोजायला माणूस हवाच आहे.”

“बरं,” काका म्हणाले.

ते बाहेर येऊन नळावर वाकले आणि चुळा भरू लागले. सुटल्यासारखं वाटावं असं झालं होतं, पण तसं वाटत नव्हतं. वाईटही वाटत नव्हतं. मागून कढईवाला आला आणि शेजारी उभा राहिला.

“थांबलेला घाणा सोडायचा आहे,” तो म्हणाला. “येताय?”

“मी येऊन काय सांगणार?”

“सांगू नका. मी चाखतो, तुम्ही नुसते बसा. एकट्याने ‘जाऊ दे’ म्हणायला धीर होत नाही.”

काकांनी तोंड पुसलं. मिठाने ओठाची भेग झोंबत होती. तेवढं मात्र कळत होतं.

“चल,” ते म्हणाले.